सी ड्राइव्ह भरली म्हणून ही छोटी पार्टिशनं उडवू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मेहुण्यांनी वापरून दिलेला एचपीचा लॅपटॉप तुम्ही मुलीच्या अभ्यासासाठी तयार करताय. सी ड्राइव्ह लाल झालीय. 'रिकव्हरी' नावाची डी ड्राइव्हसुद्धा लाल आहे. डिस्क मॅनेजमेंट (डिस्कची वाटणी दाखवणारं विंडोजचं साधन) उघडल्यावर तुम्हाला पार्टिशनांचा, म्हणजे डिस्कच्या तुकड्यांचा, डावीकडून असा क्रम दिसला: 260 एमबी ईएफआय, 150 जीबी सी, 785 एमबी रिकव्हरी, साधारण 767 जीबी ई, 499 एमबी आणखी एक रिकव्हरी आणि शेवटी 12.5 जीबीची डी. ओळखीतल्या एकाने सांगितलं, 'ही फालतू पार्टिशनं उडव आणि सगळी जागा सीला दे.' आणि यातलं एखादं व्हायरसने तर बनवलं नसेल ना, अशी तुम्हाला शंका आहे.

व्हायरसचं आधी. डिस्कच्या टोकाला लपलेलं पार्टिशन करून बसणारे व्हायरस होऊन गेलेत, नाही असं नाही. पण तुमच्या यादीत तसं काही दिसत नाही. यातल्या प्रत्येक तुकड्याला वैध मालक आहे. तुम्ही तो क्रम न चुकता लिहिलात हे फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर त्या क्रमातच आहे.

आता खरा प्रश्न. तुमची अडचण सी ड्राइव्हमध्ये जागा नाही ही आहे. अनोळखी पार्टिशनं फक्त त्या निमित्ताने नजरेस पडली. दोन्ही रिकव्हरी मिळून सव्वा जीबी आणि डी धरली तरी एकूण चौदा जीबीच्या आत. 931 जीबीच्या डिस्कवर त्यासाठी जोखीम घ्यायची, आणि तरीही त्यातली बरीचशी जागा सीला मिळणार नाही. का, ते पुढे येईल. (डिस्क 1 टीबीची असून 931 का दिसते, तर कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते आणि विंडोज 1024 च्या. काही चोरीला गेलेलं नाही.)

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा समजा. सातमध्ये जमीन कोणाची आणि किती, बारामध्ये तिच्यात काय आहे. या टेबलातही प्रत्येक तुकड्याची हद्द आणि प्रकार दोन्ही नोंदवलेले असतात. सी, डी, ई ही अक्षरं मात्र विंडोजने आपल्या सोयीसाठी लावलेली असतात. अक्षर नाही म्हणून तुकडा बेवारस ठरत नाही. उलट ज्यांना तुम्ही हात लावू नये अशी अपेक्षा असते, त्यांनाच मुद्दाम अक्षर दिलेलं नसतं.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये वरची यादी सोडा, खालचा आडवा पट्टा बघा. तिथले चौकोन डिस्कवरच्या प्रत्यक्ष क्रमाने असतात. रुंदी मात्र प्रमाणात नसते, म्हणून 260 एमबीचा तुकडासुद्धा चांगला ऐसपैस दिसतो आणि 'अरे, एवढी जागा खाल्ली!' असं वाटतं. चौकोनाच्या डोक्यावर गडद निळी पट्टी असेल तर ते पार्टिशन, काळी असेल तर जागा कोणालाही दिलेली नाही. ईएफआयवर राइट क्लिक केलंत तर मेन्यूत फक्त 'हेल्प' तेवढं चालू असतं, बाकी सगळं फिकट. यावर हात लावू नका असं विंडोज तिथेच सांगून टाकतं.

आता डावीकडून चालत जाऊ.

260 एमबीचं ईएफआय हे सगळ्यात लहान आणि सगळ्यात महत्त्वाचं. लॅपटॉपचं बटण दाबल्यावर मदरबोर्ड आधी इथे येतो, विंडोज सुरू करणारी छोटी फाइल उचलतो आणि मग सीकडे जातो. हे उडालं तर सी शाबूत असूनही स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' येतं. दुरुस्त करता येतं, पण घरी बसून सहज नाही.

त्याच्या शेजारी 16 एमबीचा आणखी एक तुकडा जवळजवळ नक्की असणार. तो डिस्क मॅनेजमेंट दाखवतच नाही. त्यात फायली नसतात. विंडोजने स्वतःच्या कामासाठी राखलेली जागा ती. आत्ता फक्त लक्षात ठेवा, पुढे मोजताना घोळ होतो.

मग सी, आणि सीच्या लगेच उजवीकडे 785 एमबी रिकव्हरी. ही गोष्ट महत्त्वाची आहे. विंडोज चालू झालं नाही तर निळ्या पडद्यावर 'ट्रबलशूट' वगैरे पर्याय येतात ना, ती छोटी व्यवस्था अशा रिकव्हरी पार्टिशनमध्ये राहते. विंडोजची मोठी अपडेट येते तेव्हा ही व्यवस्थाही वाढते. जुन्या रिकव्हरी तुकड्यात ती मावली नाही, तर विंडोज सीच्या शेवटून थोडी जागा कापून नवा तुकडा बनवतं आणि जुना तसाच सोडून देतं. म्हणून सीला चिकटलेला 785 हा बहुधा नवा, आणि पलीकडे ईच्या मागे पडलेला 499 हा लॅपटॉप घेतला तेव्हाचा.

यावरून आणखी एक कळतं. सुरुवातीला सी, मग 499 ची रिकव्हरी, मग डी अशी रचना असणार. नंतर कोणीतरी, मेहुण्यांनी किंवा दुकानदाराने, सी आकसून मधल्या जागेत ई बनवली. आपल्याकडे नवीन मशीन आलं की 'सी सिस्टिमला, बाकी डेटाला' अशी वाटणी करायची जुनी सवय आहे. त्यानंतर कधीतरी विंडोजची मोठी अपडेट आली आणि तिने 785 ची पाचर सी आणि ईच्या मध्ये मारली.

हा अंदाज आहे, तो तपासून घ्या. स्टार्टमध्ये 'सीएमडी' शोधा, त्यावर राइट क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. काळ्या खिडकीत इंग्रजी लिपीत आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी ही अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडा, पुढे झुकलेली तिरकी रेघ द्या, तिला जोडून आय-एन-एफ-ओ लिहा आणि एंटर मारा. ही आज्ञा फक्त माहिती दाखवते, काही बदलत नाही. उत्तरात 'एनेबल्ड' आहे का बघा आणि खालच्या लांबलचक ओळीत 'पार्टिशन' या शब्दाला चिकटलेला आकडा टिपून घ्या. इथे तो 16 एमबीचा अदृश्य तुकडाही मोजला जातो. म्हणजे तुमच्या यादीत ईएफआय 1, अदृश्य 2, सी 3 आणि 785 ची रिकव्हरी 4. उत्तरात 4 आला तर माझा अंदाज बरोबर. 6 आला तर वापरात 499 वाली आहे. दुकानात येणारे बरेच लोक डोळ्यांना दिसणारे चौकोन मोजतात आणि एकाने चुकतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

वापरात नसलेली रिकव्हरी उडवली तर बिघडत काही नाही, पण मिळतंही काही नाही. अर्धा जीबी, तोही ई आणि डीच्या मध्ये अडकलेला. मी तो तसाच ठेवतो. वापरात असलेली मात्र लहान करू नका. जानेवारी 2024 मध्ये विंडोज 10 ला एक सुरक्षा अपडेट आली होती. रिकव्हरी पार्टिशनमध्ये मोकळी जागा कमी असल्यामुळे ती कित्येक मशीनवर बसतच नव्हती, शेवटी 80070643 असलेला एरर येत राहायचा. मायक्रोसॉफ्टने त्या वेळी लोकांना रिकव्हरी पार्टिशन 250 एमबीने वाढवायला सांगितलं होतं.

आता डी. 12.5 जीबीची ही ड्राइव्ह एचपीची. मशीन नवीन असताना जसं होतं तसं परत करायचा मसाला तिच्यात भरलेला असतो. दुसऱ्या कंपन्याही असं ठेवतात. फक्त बऱ्याच जणी त्याला अक्षर देत नाहीत, त्यामुळे ते माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नाही. डी लाल असणं हा आजार नाही. ती मोजून मापून तेवढीच बनवलेली असते, पहिल्या दिवसापासून जवळजवळ भरलेलीच असते. दिसते लाल म्हणून लोक घाबरतात आणि फॉरमॅट मारतात. किंवा याच्या उलट: अक्षर दिसतं म्हणून उरलेल्या दीड-दोन जीबीत लग्नाचे फोटो कोंबतात. तुमच्या डीमध्ये कोणी असे फोटो ठेवलेत का ते आधी उघडून बघा. असतील तर बाहेर काढा, बाकी फायली तशाच राहू द्या.

डी ठेवायची की नाही हे परिस्थितीवर आहे. मशीनबरोबर आलेलं विंडोज आणि आज चालू असलेलं विंडोज एकच असेल तर डीचा उपयोग आहे. मधल्या काळात विंडोज 8 वरून 10 किंवा 10 वरून 11 झालं असेल, तर डी तुम्हाला त्या जुन्या काळात नेऊन सोडेल, आणि मग पुढचे दोन दिवस अपडेट. अशा वेळी मी डीवर विसंबत नाही. 'डी गेली की विंडोजचं लायसन्स गेलं' हा समजही खरा नाही. विंडोज 8 च्या काळापासून कंपनीने विंडोज घालून दिलेल्या लॅपटॉपची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्ये असते. त्याच आवृत्तीचं, म्हणजे होम असेल तर होम, विंडोज पुन्हा टाकलं की ते आपणहून ॲक्टिव्हेट होतं.

आता तुमच्या ओळखीच्यांच्या सल्ल्याकडे. सीवर राइट क्लिक केलंत तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट दिसेल. कारण विंडोजच्या या साधनाला सीच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा लागते. तिथे 785 ची पाचर आहे. ई आकसली तर मोकळी जागा ईच्या उजव्या टोकाला निघते, सीच्या शेजारी नाही. डी उडवली तर ती डिस्कच्या पार टोकाला. म्हणजे ओळखीच्यांचा सल्ला तंतोतंत पाळलात तरी सी जेमतेम पाऊण जीबीने वाढेल, आणि तेवढ्यासाठी रिकव्हरी गमावलेली असेल.

इथे वैतागून लोक दोन गोष्टी करतात. 'कन्व्हर्ट टू डायनॅमिक डिस्क' असं काही विचारलं की 'यस' करून मोकळे होतात. ते करू नका; त्या वाटेने परत येणं फार किचकट असतं. दुसरं, यूट्यूबवर बघून डिस्कपार्ट (आज्ञा टाइप करून पार्टिशनं बदलायचं विंडोजचं साधन) उघडतात. त्यात 'ओव्हरराइड' जोडला की ईएफआयसुद्धा तुम्हाला न विचारता जातं, आणि 'क्लीन' लिहिलं की निवडलेल्या डिस्कची सगळी नोंदच पुसली जाते.

काहीही हलवण्याआधी एक गोष्ट बघा, आणि तुमच्या बाबतीत ती खास आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीच्या चौकोनात 'बिटलॉकर एन्क्रिप्टेड' लिहिलंय का? (बिटलॉकर म्हणजे किल्लीशिवाय फायली वाचता येऊ नयेत म्हणून डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय.) किंवा माय कॉम्प्युटरमध्ये सीच्या चित्रावर कुलूप आहे का? विंडोज होममध्येही 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाने हे चालू झालेलं असू शकतं, मालकाच्या लक्षातही येत नाही. तसं असेल तर पार्टिशनमध्ये बदल केल्यावर पुढच्या वेळी मशीन 48 आकडी किल्ली मागू शकतं. ती किल्ली ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने मशीन सुरू केलं, त्याच्या खात्यात असते. तुमच्याकडे ते खातं मेहुण्यांचं असणार. मग आजच त्यांना फोन करा आणि किल्ली कागदावर लिहून घ्या. नाहीतर सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करा आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबा. मोठ्या हार्ड डिस्कवर याला कित्येक तास लागतात. माझ्याकडे येणाऱ्या दुसऱ्याच्या हातातून आलेल्या मशीनपैकी जी वाचवता येत नाहीत, त्यांत या किल्लीची प्रकरणं पुष्कळ असतात. डिस्क ठणठणीत, फायली जागच्या जागी आणि उघडायचं कसं हे कोणालाच माहीत नाही.

जागा करायचे मार्ग मी या क्रमाने बघतो.

आधी सी कशाने भरली ते शोधा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तिथे 'टेम्पररी फाइल्स'मध्ये आधीच्या विंडोजची प्रत पडून असेल तर तीच दहा-वीस जीबीची असते. मग सीमधला 'युजर्स' फोल्डर बघा. मेहुण्यांचं जुनं खातं अजून असेल तर त्यांचे फोटो, डाउनलोड, आयफोन वापरत असतील तर आयट्यून्सने घेतलेला बॅकअप, सगळं तिथे असेल. आयफोनचा एक बॅकअप सहज पन्नास जीबीच्या वर जातो. त्यांना विचारून, त्यांचं त्यांना देऊन, मगच ते खातं काढा. त्यानंतर डाउनलोड्स, व्हिडिओ असे फोल्डर ईवर न्या: फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, मूव्ह. आधी ईवर त्या नावाचा वेगळा फोल्डर करून तो निवडा. थेट ई ड्राइव्ह निवडलीत तर अख्खी ई 'डाउनलोड्स' होऊन बसते आणि मग ते सोडवणं कटकटीचं. डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर ते तसंच राहू द्या. एवढं केल्यावर बहुतेक घरांत पार्टिशनला हात लावायची वेळच येत नाही.

तरीही सी मोठीच हवी असेल, तर ई डाव्या बाजूने आकसायची, 785 ची पाचर उजवीकडे सरकवायची आणि मग सी वाढवायची. हे विंडोजच्या साधनाने होत नाही. जीपार्टेड किंवा मिनीटूलसारखं साधन लागतं. होतं, मी करतो, पण ई जितकी भरलेली तितका वेळ जास्त, कारण तिच्या फायली प्रत्यक्ष उचलून दुसरीकडे ठेवाव्या लागतात. मधेच वीज गेली आणि बॅटरी म्हातारी असेल तर ई अर्धवट अवस्थेत अडकते. ईमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी केल्याशिवाय हे सुरू करू नका. नंतर वरची माहिती दाखवणारी आज्ञा पुन्हा चालवून रिकव्हरी 'एनेबल्ड' आहे ना ते पाहा.

तुमच्या जागी मी असतो तर यातलं काहीच केलं नसतं. मशीन दुसऱ्याचं होतं, आत त्यांचं खातं, त्यांचे पासवर्ड, कदाचित त्यांची बिटलॉकर किल्ली. आणि आत तबकडी फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर सी कितीही मोठी केली तरी मुलगी 'हँग होतंय' म्हणणारच. 512 जीबीचा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर चालणारी वेगवान डिस्क) घ्यायचा आणि विंडोज नव्याने टाकायचं. आता तर वेगळंही कारण आहे: विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तुमचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर 11 अधिकृतपणे चालतं. त्याआधीचा असेल तर तसं नाही, मग खर्च करण्यापूर्वी विचार करा.

एसएसडी टाकताना एकच काळजी, आणि ती पार्टिशनशीच जोडलेली आहे. लॅपटॉपमध्ये एसएसडीसाठी वेगळा स्लॉट असेल तर जुनी हार्ड डिस्क आतच राहते. ती जोडलेली असताना विंडोज टाकलं, तर सी नव्या एसएसडीवर जाते, पण सुरू करणारी फाइल बरेचदा जुन्या डिस्कवरच्या त्या 260 एमबीच्या ईएफआयमध्ये जाऊन बसते. मशीन मस्त चालतं. वर्षभराने जुनी डिस्क खराब होते किंवा कोणी काढतं, आणि धडधाकट एसएसडी असूनही विंडोज सुरू होत नाही. म्हणून विंडोज टाकण्यापूर्वी जुन्या डिस्कची केबल काढायला सांगा, दुकानदार 'काही गरज नाही' म्हणाला तरी. विंडोज उठल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये नव्या एसएसडीवरच ईएफआय, सी आणि शेवटी रिकव्हरी दिसतात याची खात्री करा, मग जुनी डिस्क पुन्हा जोडा. स्लॉट नसेल तर जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीने वापरता येते.

त्यानंतरही जुनी डिस्क लगेच पुसू नका. मेहुण्यांचं आणि तुमचं सगळं नव्या जागी आलंय हे महिनाभर वापरून बघा. मग त्या डिस्कवरची पार्टिशनं, ईएफआयसकट सगळी, खुशाल उडवा आणि अख्खी 931 जीबी एकच ड्राइव्ह करा.

आधी फक्त दोन गोष्टी बघून लिहा: त्या आज्ञेत कोणता पार्टिशन नंबर आला आणि सीवर बिटलॉकर आहे का. जमलं तर प्रोसेसरचं पूर्ण नावही द्या. सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये मिळेल. त्यावरून एसएसडीवर पैसे घालावेत की नुसती साफसफाई पुरे, ते सांगतो.